शुभेच्छा देताना आपण नेमके काय देतो?



आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट आहे. आपल्या धर्मग्रामातील एक तरुणी, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, संध्याकाळच्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली. शहरात तिच्या व्यवसायातील मंडळींचा एक लहानसा संघ आहे. दर वर्षी डिसेंबरअखेर या संघातर्फे सभासदांना आणि त्यांच्या रुग्णांना एक पत्र जाते. त्यात नाताळच्या शुभेच्छा असतात, सरत्या वर्षाचा आढावा असतो आणि नव्या वर्षाविषयी दोन शब्द असतात. "फादर, या वेळी शुभेच्छांच्या चार ओळी तुम्ही लिहून द्या," ती म्हणाली. आम्ही लगेच होकार दिला. दर रविवारी प्रवचन करणाऱ्याला चार ओळींचे काय मोठेसे?

रात्री बसून आम्ही लिहिले, की येणारे वर्ष आपणां सर्वांना निरोगी, वेदनामुक्त आणि आनंदाचे जावो. दुसऱ्या दिवशी तिने कागद वाचला आणि ती घुटमळली. मग म्हणाली, "फादर, रागावू नका. पण आमच्याकडे येणाऱ्यांत कितीतरी जण नव्या वर्षात वेदनामुक्त होणार नाहीत. त्यांना ते ठाऊक आहे, आम्हालाही ठाऊक आहे. मग हे वाचून त्यांनी काय समजायचं?"

आम्ही कागद परत घेतला. त्या चार ओळींना पुढे तीन आठवडे लागले. का लागले, तेच आज आपल्याला सांगायचे आहे. कारण प्रश्न त्या एका पत्रापुरता नाही. या आठवड्यात आपण प्रत्येक जण शंभर जणांना शुभेच्छा देणार आहोत. चर्चच्या अंगणात हात हातात घेऊन देऊ, फोनवर देऊ, मोबाईलवर एकच चित्र पन्नास जणांना पाठवून देऊ. अशा वेळी आपण समोरच्याला नेमके काय देत असतो? ते नुसते चांगले बोलणे असते, की त्यात आपले काही गुंतलेले असते? आणि ज्याचे बरे होणे आपल्या हातात नाही, त्याला 'लवकर बरे व्हाल' असे सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

ज्यांचे हे पत्र, त्यांच्याविषयी

आधी या व्यवसायाविषयी थोडे सांगितले पाहिजे. फिजिओथेरपी म्हणजे शेकणे आणि चोळून देणे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. आमचाही तसाच होता.

या व्यवसायाची एक जुनी संघटना १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी स्थापन केली. त्या काळी तिथे मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालत आणि वर्तमानपत्रांत त्याचा बोभाटा झाला होता. प्रामाणिकपणे रुग्णसेवा करणाऱ्या स्त्रियांचीही त्यात बदनामी होऊ लागली. म्हणून या चौघींनी प्रशिक्षण, परीक्षा आणि वागणुकीचे नियम ठरवले. म्हणजे तिथे या व्यवसायाने संघटित होताना पहिला प्रश्न विचारला तो नीतीचा होता. दुसऱ्याच्या शरीराला हात लावायचा तो कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या हेतूने? पुढे ८ सप्टेंबर १९५१ रोजी कोपनहेगन येथे अकरा देशांच्या संघटनांनी मिळून जागतिक संघटना उभी केली. १९९६ पासून ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन म्हणून पाळला जातो.

आपल्याकडे ही विद्या रुजली ती पोलिओमुळे. मुंबईच्या फातेमा इस्माईल या स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्त्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीवर उपचार करून घेताना या आईच्या लक्षात आले, की अशा मुलांसाठी आपल्याकडे सोयच नाही. १९४७ साली त्यांनी अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था सुरू केली. हाजीअली येथील मुलांचे अस्थिरुग्णालय हे त्याच कामाचे फळ. १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले. १९५५ साली हाजीअलीलाच भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी भारतीय फिजिओथेरपिस्टांची देशव्यापी संघटनाही जन्माला आली. आज महाराष्ट्रातील बहुतेक फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या पदवीवर आपल्या नाशिकचे नाव असते, कारण महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात आहे. ही गोष्ट आपण नाशिककरांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

मध्यंतरी पोलिओ गेला. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र दिले. ज्या आजाराने हा व्यवसाय उभा केला तो गेला, पण काम कमी झाले नाही. अर्धांगवायू, रस्त्यावरचे अपघात, बदललेले गुडघे, जन्मतः मेंदूला इजा झालेली बाळे, दिवसभर संगणकापुढे बसून आखडलेल्या माना, असे सगळे या दारात येऊ लागले. कोविडच्या काळात तर अतिदक्षता विभागात रुग्णांना श्वास घ्यायला शिकवण्याचे कामही यांनीच केले. २०२१ साली संसदेने आरोग्यक्षेत्रातील अशा संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉक्टर' लावावे की नाही, यावरून मोठा वाद झाला. या व्यवसायाचे भवितव्य म्हटले, की अशा मुद्द्यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाही हवी. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावरच्या माणसाला अर्धांगवायू झाला, तर रोज नाशिकला येऊन व्यायाम करणे त्याला कसे परवडेल, हाही भवितव्याचाच प्रश्न आहे. पण आम्हाला या मंडळींकडून जे शिकायला मिळाले ते वेगळे आहे. ते शिकण्यासाठी आधी आमच्या हातून एक चूक व्हावी लागली.

आमची एक चूक

ही हकीकत त्या कुटुंबाच्या परवानगीने सांगत आहोत. नाव सांगत नाही.

मागच्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे आजारी माणसांना कम्युनियन देण्यासाठी घरोघरी गेलो. प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता आणि उजवी बाजू गेली होती. मावशींनी त्यांना उशीला टेकवून बसवले होते. प्रार्थना झाली, कम्युनियन झाले. निघताना आम्ही त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "काका, काळजी करू नका. पुढच्या नाताळला तुम्ही स्वतःच्या पायांनी मध्यरात्रीच्या मिस्साला याल!" काकांच्या डोळ्यांत पाणी आले. आम्हालाही बरे वाटले. त्या दिवशी आणखी सहा घरी जायचे होते. खरे सांगायचे तर सहाही घरी आम्ही साधारण हेच बोललो.

प्रायश्चित्तकाळात पुन्हा त्यांच्याकडे गेलो. काका पलंगावरच होते. कपाटाच्या मागे एक चाकाची खुर्ची घडी करून ठेवली होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होता. काकांना झोप लागल्यावर मावशी आम्हाला सोडायला दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "फादर, तुम्हाला सांगू की नको असं झालंय. ती पोरगी येते, ती जीव तोडून सांगते, पलंगावरून खुर्चीत बसायला शिका, खुर्चीतून संडासापर्यंत जायला शिका. पण हे ऐकतच नाहीत. म्हणतात, फादरांनी सांगितलंय मी चालणार, मग खुर्चीची सवय कशाला लावून घेऊ? तुमच्या शब्दावर बसून राहिलेत हो."

अर्धांगवायूच्या झटक्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत मोलाचे असतात, हे आम्हाला नंतर कळले. त्यातले कित्येक दिवस आमच्या एका गोड वाक्याने खाल्ले होते. वाईट याचे वाटले, की ते वाक्य बोलताना आम्ही काकांचा विचारच केला नव्हता. त्या खोलीतील जड वातावरण आम्हाला सोसवत नव्हते, म्हणून आम्ही काहीतरी चांगले बोलून बाहेर पडलो. शुभेच्छा काकांना दिली, पण तिची गरज आम्हाला होती.

काकांकडे जाणारी 'ती पोरगी' म्हणजेच आमच्याकडे पत्र घेऊन आलेली ही तरुणी. तिने आमच्याविषयी कधी तक्रार केली नाही. आम्हीच विषय काढला तेव्हा एवढेच म्हणाली, "फादर, आमच्याकडे आशा मोजून द्यावी लागते. जास्त झाली तरी पेशंट हलत नाही आणि कमी झाली तरी हलत नाही."

मोजलेली आशा

आशा मोजून द्यायची म्हणजे काय, ते तिने आम्हाला समजावून सांगितले. हे लोक स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा अंकांत मोजतात. पाच म्हणजे पूर्ण ताकद. तीन म्हणजे हात किंवा पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध, कुणाच्या आधाराशिवाय, उचलता येतो. दोन म्हणजे आडवा ठेवून त्याचे वजन आपण पेलले, तर तो सरकवता येतो. शून्य म्हणजे काहीच नाही. आणि एक? एक म्हणजे हात हलत नाही, बघणाऱ्याला काही दिसतही नाही. पण रुग्णाला 'हलवा' असे सांगून त्या स्नायूवर बोट ठेवले, तर खाली किंचित थरथर लागते.

शून्य आणि एक यांतला फरक घरच्यांना कळत नाही. त्यांच्या दृष्टीने हात लुळाच असतो. पण बोट ठेवून बसलेल्या माणसाला तो कळतो, आणि तो त्या थरथरीच्या जोरावर उद्याचा व्यायाम ठरवतो. गुडघा आज सत्तर अंशांत वाकला, तर उद्या पंचाहत्तर अंशांत वाकेल का, एवढेच तो बघतो. 'तुम्ही धावाल' असे तो म्हणत नाही. 'तुमचे सगळे संपले' असेही म्हणत नाही. 'आज दहा वेळा केलेत, उद्या बारा वेळा करू,' असे म्हणतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही हीच गोष्ट पुस्तकात वाचली होती. परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळवले होते. ती कळली मात्र आत्ता.

ॲरिस्टॉटल इच्छा आणि निवड यांत भेद करतो. इच्छा माणूस अशक्याचीही करू शकतो. मला मरण येऊ नये, अशीही इच्छा करता येते. निवड मात्र जे आपल्या हातात आहे त्याचीच करता येते. आमचे काकांना दिलेले आश्वासन ही निव्वळ इच्छा होती. ती तरुणी रोज त्यांच्यापुढे ठेवत होती ती निवड होती: आज खुर्चीत बसणार की नाही?

संत थॉमस अक्वायनस आणखी पुढे जातात. आशा कशाची असते, याच्या त्यांनी चार खुणा सांगितल्या आहेत. ती गोष्ट चांगली असली पाहिजे, कारण वाइटाचे आपल्याला भय वाटते, आशा नव्हे. ती पुढे घडायची असली पाहिजे, कारण जे हातात आहे त्याचा आपण आनंद घेतो. ती अवघड असली पाहिजे, कारण सहज मिळणाऱ्या वस्तूची कुणी आशा धरून बसत नाही. आणि ती शक्य असली पाहिजे. या चारांपैकी शेवटच्या दोन खुणा आपण शुभेच्छा देताना विसरतो. 'सगळे आपोआप छान होईल' म्हणताना आपण अवघडपणा पुसून टाकतो. 'आता काय व्हायचे आहे!' म्हणताना शक्यता पुसून टाकतो. अक्वायनसांच्या मते निराशा हे जसे आशेविरुद्धचे पाप आहे, तसेच फाजील भरवसा हेही आहे. आम्ही काकांना आशा दिली असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात फाजील भरवसा दिला होता, आणि अपेक्षाभंगानंतर त्याची निराशा व्हायला फार वेळ लागत नाही.

२०२५ हे वर्ष जगभरच्या चर्चने 'आशेचे यात्रेकरू' या बोधवाक्याखाली जुबिली वर्ष म्हणून पाळले. त्यावर आम्ही प्रवचने केली. यात्रेकरू हा शब्द मात्र आम्ही घाईने वाचला होता, असे आता वाटते. वणीच्या गडावर चालत निघालेल्या माणसाला विचारा, तो शिखराकडे बघत चालत नाही. पुढचे पाऊल कुठे टाकायचे ते बघत चालतो.

मग धीर द्यायचा नाही काय?

येथे आपल्यापैकी कुणी म्हणेल, "फादर, आजारी माणसाला खरे सांगून खचवायचे का? चार गोड शब्दांनी त्याचे दोन दिवस बरे गेले, तर बिघडले कुठे?"

हा आक्षेप हलका नाही. तोंडावर फटकन 'तुम्ही आता चालणार नाही' असे सांगणारा माणूसही आशा मोजत नसतो. आपण किती स्पष्टवक्ते आहोत हे तो दाखवत असतो. रुग्णाने न विचारलेले सांगत सुटणे म्हणजे सत्यनिष्ठा नव्हे. पण खोटा धीर आणि कठोर सत्य हे दोनच मार्ग आपल्यापुढे आहेत, हेच मुळात खरे नाही. तिसराही मार्ग आहे. पुढचे जे शक्य आहे ते दाखवणे आणि त्यासाठी आपण बरोबर आहोत हे कृतीने सांगणे. 'तुम्ही चालाल' याऐवजी 'दर मंगळवारी मी येईन, आपण मिळून खुर्चीत बसायचा सराव करू' असे म्हणता येते. हे वाक्य ऐकायला कमी गोड आहे, पण खरे करून दाखवता येण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "परमेश्वराला काय अशक्य आहे? धर्मगुरूच शक्य-अशक्याचा हिशेब करू लागला, तर श्रद्धेचे काय?" दर फेब्रुवारीत नाशिक रोडला बाल येशूच्या यात्रेत किती माणसे कुणाच्या खांद्याचा आधार घेत येतात, ते आपण पाहतो. त्यांच्या प्रार्थनेची थट्टा आम्ही कधी करणार नाही. आम्हीही त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना करतो. पण प्रार्थना म्हणजे हवामानाचा अंदाज नव्हे. परमेश्वराकडे मागणे वेगळे आणि परमेश्वराच्या वतीने तारीख देऊन टाकणे वेगळे. आम्ही काकांना 'पुढच्या नाताळला' असे सांगितले, तेव्हा आम्ही मागत नव्हतो, तारीख देत होतो. तो अधिकार आम्हाला कुणी दिला होता?

बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाची गोष्ट आपणां सर्वांना माहीत आहे. प्रभू येशूने त्याला बरे केले, पण त्याआधी प्रश्न विचारला. बरे व्हायची तुझी इच्छा आहे का, असे त्या माणसालाच विचारले. तो माणूस उत्तरात आपली अडचण सांगतो, की पाणी हलते तेव्हा मला तळ्यात सोडायला माझे कुणी माणूस नसते. अडतीस वर्षांत त्या गर्दीतल्या किती जणांनी त्याला 'बरा होशील' म्हटले असेल! उचलायला मात्र कुणी आले नव्हते.

आशेचा विषय बदलू शकतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांचे उदाहरण घ्या. १९५४ साली मोटार अपघातात त्यांच्या कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. तरुण डॉक्टर, सगळे आयुष्य पुढे होते. त्या पुन्हा चालतील, अशी शुभेच्छा त्यांना अनेकांनी दिली असेल. त्या चालल्या नाहीत. पण चाकाच्या खुर्चीत बसून त्या कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. नंतर परदेशात जाऊन पुनर्वसनाचे शास्त्र शिकून आल्या, आणि १९६६ साली त्यांच्या प्रयत्नांतून वेल्लोरला पुनर्वसन केंद्र सुरू झाले. 'मी चालेन' ही आशा सोडल्यावरच 'मी काम करीन' या आशेला जागा मिळाली. त्यांना शेवटपर्यंत कुणी 'चालाल हो' असेच सांगत राहिले असते, आणि त्यांनी ते मानले असते, तर?

तीन पायऱ्या

आता काकांकडे परत येऊ. प्रायश्चित्तकाळातील त्या भेटीनंतर आम्ही त्यांच्याजवळ बसलो आणि माफी मागितली. म्हणालो, "काका, मी बोललो ते मला ठाऊक नसताना बोललो. तुम्ही चालाल की नाही ते मला माहीत नाही. पण खुर्चीत बसायला शिकलात, तर मला फार आनंद होईल." काका बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना राग आला होता, आणि तो रास्त होता. पुढचे दोन महिने ते आमच्याशी नीट बोलले नाहीत.

पण पावसाळ्यात कपाटामागची खुर्ची बाहेर आली. ऑक्टोबरपर्यंत काका पलंगावरून खुर्चीत स्वतः सरकू लागले. एका बाजूला मावशी, एका बाजूला काठी. नोव्हेंबरात आम्ही गेलो, तेव्हा खुर्चीत बसून दाराशी आमची वाट बघत होते. म्हणाले, "फादर, मी खुर्चीत बसायला शिकलो. आता नाताळच्या मिस्साला येणार. पण एक सांगा, तुमच्या चर्चला तीन पायऱ्या आहेत. त्यांचं काय?"

आम्ही गप्प झालो. इतकी वर्षे त्या तीन पायऱ्या चढउतार करत आहोत, पण त्या कधी दिसल्या नव्हत्या. काकांना चालायला लावणे आमच्या हातात नव्हते आणि त्याचे आम्ही वचन देऊन बसलो होतो. चर्चच्या दारापर्यंत उतार बांधणे आमच्या हातात होते, आणि ते कधी मनातही आले नव्हते. जे आपले नाही ते उदारपणे वाटायचे आणि जे आपले आहे ते विसरून जायचे, ही आपल्या शुभेच्छांची खोड आहे. उघड्या-उपाशी माणसाला ऊब घे, पोटभर जेव असे सांगून वाटेला लावणाऱ्याची संत याकोबाने आपल्या पत्रात कानउघाडणी केली आहे. ती वाचताना आम्हाला नेहमी दुसरेच कुणी डोळ्यांपुढे येत असे.

नाताळच्या रात्री आपल्या युवक मंडळातील चौघांनी काकांची खुर्ची उचलून आत आणली. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले आणि अनेकांना पक्षाघाती माणसाला छतातून खाली सोडणारे ते चौघे आठवले. दृश्य खरोखर सुंदर होते. पण खुर्ची उचलली तेव्हा काकांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. आम्हाला वाटले, प्रार्थना करत असतील. नंतर म्हणाले, "फादर, पडायची भीती वाटत होती." एकदा उचलून आणणे ही प्रीती आहे. दर रविवारी कुणी उचलण्याची वाट बघत पायरीशी बसावे लागणे, यात मात्र माणसाचा मान राहत नाही. शुभवर्तमानातील त्या चौघांना छत का उघडावे लागले, याचाही विचार करू या. दार अडले होते. आणि ते शत्रूंनी अडवलेले नव्हते. प्रभूचे शब्द ऐकायला आलेल्या भल्या माणसांच्या गर्दीनेच अडले होते.

अक्वायनसांनी आशेचा विचार करताना ॲरिस्टॉटलची एक गोष्ट स्वीकारली आहे. जे आपल्या मित्रांकरवी होऊ शकते, ते एका अर्थी आपल्यालाच शक्य असते. काकांना एकट्याला चर्चमध्ये येणे अशक्य आहे. आपण उतार बांधला, तर तेच शक्य होते. म्हणजे एखादी गोष्ट शक्य आहे की अशक्य, हे केवळ त्या माणसाच्या स्नायूंवर ठरत नाही. ते आपल्यावरही ठरते. चांगली शुभेच्छा कोणती, याचे उत्तर आम्हाला येथे मिळाले. ज्या शुभेच्छेमुळे दुसऱ्याच्या आयुष्यात एक तरी अशक्य गोष्ट शक्य होते, ती शुभेच्छा खरी.

आता हिशेबाचे बोलू. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा, तर उंचीच्या बारापट लांबी लागते. आपल्या तीन पायऱ्या मिळून दीड फूट उंच आहेत, म्हणजे उतार अठरा फूट लांब हवा. पुढच्या दाराला तेवढी जागा नाही, पण बाजूच्या दाराला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही सार्वजनिक जागांकडून अशा सोयीची अपेक्षा करतो. पण कायद्याआधी आपल्याला हे सुचायला हवे होते. खर्चाचा अंदाज धर्मग्राम परिषदेच्या पुढील बैठकीत ठेवत आहोत. ११ फेब्रुवारीला, जागतिक रुग्णदिनी, काका त्या दारातून स्वतः आत यावेत, असा प्रयत्न करायचा आहे. होईलच असे म्हणत नाही, कारण तारखा देण्याची आमची सवय आता मोडली आहे. पण सिमेंट, वाळू आणि हात ही आपल्याला शक्य असलेली गोष्ट आहे.

त्या चार ओळी

शेवटी त्या पत्रासाठी आम्ही लिहून दिले ते असे:

'येणारे वर्ष सर्वांना वेदनामुक्त जाईल, असे आम्ही म्हणत नाही. पण अवघड असली तरी शक्य अशी एक तरी गोष्ट प्रत्येकाला या वर्षी सापडो. तिच्यासाठी रोज थोडे कष्ट करण्याचे बळ मिळो. आणि जिथे आपले बळ संपते, तिथे कुणाचा तरी हात आपल्याला धरलेला असो.'

तिने वाचले आणि या वेळी काही खोडले नाही. फक्त म्हणाली, "फादर, खाली एक ओळ आमची घालू का? सुट्टीतही व्यायाम चुकवू नका. नाताळ ते एक जानेवारी लोक सगळं सोडून देतात, आणि मग महिनाभराची मेहनत वाया जाते." आम्ही म्हटले, "अवश्य घाल बाळ. आमच्या चार ओळींपेक्षा ती जास्त उपयोगाची आहे."

बंधुभगिनींनो, या आठवड्यात आपण पुष्कळ शुभेच्छा देऊ. त्या जरूर द्याव्यात. हसून, मनापासून द्याव्यात. पण आपल्या यादीतील निदान एका माणसाच्या बाबतीत थोडे थांबून पाहू या. त्याच्या आयुष्यात पुढचे शक्य पाऊल कोणते आणि त्या पावलासाठी आपण काय करू शकतो? कुणाला दवाखान्यात सोबत हवी असेल. कुणाच्या सुनेला दिवसभराच्या शुश्रूषेतून दोन तास सुटका हवी असेल. कुणाला फक्त समोर बसून 'आज किती वेळा हात उचलला?' असे विचारणारे माणूस हवे असेल. ते एक काम आपल्या शुभेच्छेला जोडू या.

गव्हाणीतल्या बाळालाही उचलून घ्यावे लागले, चालायला शिकवावे लागले. देवाने आपल्याला शुभेच्छांचे पत्र पाठवले नाही, तो स्वतः आला, हीच तर नाताळची वार्ता आहे.

आपणां सर्वांना, विशेषतः घरी अंथरुणावर असलेल्या आपल्या भावाबहिणींना आणि त्यांची सेवा करणाऱ्या हातांना, नाताळच्या आणि नवीन वर्षाच्या शुभेच्छा. परमेश्वर आपणांस आशीर्वाद देवो.

आपले,
धर्मगुरू